मास्तर निघाले चीनला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकातल्या परदेशी नोकऱ्यांवरच्या लेखात चीनमधल्या शाळांचा ओझरता उल्लेख होता. त्यावर रायगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत बरीच पत्रं आली. बहुतेक गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची, काही त्यांच्या घरच्यांची. त्यातले प्रश्न इथे घेतले आहेत. कागदपत्रांची उत्तरं मुद्दाम लांब ठेवली आहेत, कारण तिथे घोळ झाला तर पुढचं सगळंच अडतं.

प्रश्न : मी बी.एस्सी., बी.एड. आहे. सहा वर्षं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवते. एजंट म्हणतो, "चीनमध्ये इंग्रजी शिक्षकाची नोकरी पक्की, आधी टूरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो." विश्वास ठेवावा का? — शिक्षिका, चिपळूण

नाही ठेवायचा, ताई. एजंट दोन गोष्टी सांगतो आहे आणि दोन्ही धोक्याच्या आहेत.

पहिली गोष्ट इंग्रजीची. तिथला नियम असा आहे की भाषा शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषाच शिकवावी, त्याच्याकडे पदवी असावी आणि भाषा शिकवण्याचा 2 वर्षांचा अनुभव असावा. शिक्षणशास्त्राची पदवी असेल तर अनुभवाची अट सुटते, मातृभाषेची सुटत नाही. त्यामुळे इंग्रजीच्या जागांसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका इथल्या पासपोर्टवाल्यांनाच बहुतेक परवाने मिळतात. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी भारतीय पासपोर्टवर हा परवाना मिळणं फार अवघड आहे. शिवाय जुलै 2021 मधल्या सरकारी निर्णयाने शालेय विषयांच्या खाजगी क्लासेसवर कडक बंधनं आली आणि इंग्रजीचे पुष्कळ क्लास बंद पडले. एजंटांच्या जाहिराती मात्र अजून जुन्या काळातल्याच फिरतात.

तुमच्यासाठी रस्ता आहे तो गणिताचा. आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये आणि मोठ्या सरकारी हायस्कुलांच्या आंतरराष्ट्रीय विभागांत केंब्रिजचं ए लेव्हल, आयबी किंवा अमेरिकन एपी हे अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. तिथे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक या विषयांना भारतीय शिक्षक घेतात. अर्ज विषयशिक्षक म्हणूनच करा. अनुभवाच्या दाखल्यावरही 'गणित शिक्षिका' हे शब्द मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह असू द्या. नुसतं 'सहशिक्षिका' लिहिलेला दाखला तिथे परत येतो.

दुसरी गोष्ट व्हिसाची. नोकरीसाठी झेड व्हिसाच लागतो. तो मिळण्याआधी शाळेने तिथल्या कार्यालयातून कामाच्या परवान्याचं सूचनापत्र काढून तुम्हाला पाठवलं पाहिजे. हे पत्र हातात नसेल तर तिकीट काढू नका. टूरिस्ट किंवा व्यावसायिक व्हिसावर शिकवताना पकडलं गेलं तर 5,000 ते 20,000 युआन दंड आणि प्रकरण गंभीर ठरलं तर 5 ते 15 दिवस कोठडी, असा कायदा आहे. परवाना एका शाळेचा असताना दुसरीकडे पैसे घेऊन शिकवलं तरी हाच दंड लागतो. रविवारची शिकवणीसुद्धा यात येते. एजंट यातलं काहीही स्वतःच्या अंगावर घेत नाही.

प्रश्न : पासपोर्टवर माझं नाव 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असं आहे. मुंबई विद्यापीठाच्या पदवीवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी. बायकोची पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. आम्ही दोघंही अर्ज करणार आहोत. चालेल का? — भौतिकशास्त्राचे शिक्षक, देवगड

हा आपल्याकडचा नेहमीचा गुंता आहे. तो इथे असतानाच सोडवा, तिथून सोडवता येत नाही.

पासपोर्टवरचं नाव हे मूळ धरा. तिथली शाळा, पोलीस, बँक, सिमकार्ड, सगळीकडे यंत्रात हेच नाव अक्षर न् अक्षर, मोकळ्या जागांसकट भरलं जातं. तुमच्या बाबतीत पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकाच माणसाचं आहे असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. त्यात दोन्ही नावं जशी छापली आहेत तशीच लिहा आणि 'पदवीवरचं शेवटचं नाव आईचं आहे' हे स्पष्ट नमूद करा. चिनी कारकुनाला आईचं नाव पदवीवर का, हे कळायला मार्ग नसतो. तो शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि फाइल बाजूला ठेवतो. पत्नीसाठी विवाह नोंदणीचा दाखला हवाच. नाव राजपत्रात बदललं असेल तर ती प्रतही जोडा. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, मगच पुढची पायरी.

मग साक्षांकन. पदवी प्रमाणपत्र आधी राज्याच्या शिक्षण विभागाकडून, नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी चिनी दूतावास किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकित होतं. हा क्रम उलटा चालत नाही. पोलीस चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतून काढायचा. तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा साधा दाखला परदेशात चालत नाही. तो बहुतेक ठिकाणी 6 महिन्यांच्या आतला मागतात, म्हणून पदवीचं काम आधी सुरू करा आणि पोलीस दाखला मागाहून काढा. दोन्ही एकदम काढले आणि पदवी कुठे अडकली, तर दाखला जुना होतो आणि पुन्हा चक्कर पडते. सगळ्याला मिळून तीन-चार महिने हाताशी ठेवावेत. मूळ पदवी प्लास्टिकमध्ये पक्की चिकटवलेली म्हणजे लॅमिनेट केलेली असेल तर शिक्का बसत नाही, विद्यापीठातून दुसरी प्रत काढावी लागते. हे आपल्याकडे फार जणांचं झालेलं असतं, आजच पेटी उघडून बघा.

दोघांपैकी एकालाच नोकरी मिळाली तर दुसऱ्यासाठी एस-1 व्हिसा असतो. त्यावर राहता येतं, नोकरी करता येत नाही.

प्रश्न : पोचल्यानंतर पहिल्या महिन्यात काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचं? — संगणक शिक्षक, दापोली

क्रम महत्त्वाचा आहे, कारण मध्येच पासपोर्ट काही दिवस सरकारी कार्यालयात ठेवावा लागतो आणि त्याच्याशिवाय बाकीची कामं होत नाहीत.

पोचल्यावर 24 तासांच्या आत राहण्याच्या जागेची पोलिसांकडे नोंद झाली पाहिजे. हॉटेलात उतरलात तर हॉटेलच ती करतं. शाळेच्या किंवा भाड्याच्या घरात उतरलात तर त्या भागातल्या पोलीस चौकीत पासपोर्ट, भाडेकरार आणि घरमालकाच्या कागदांच्या प्रती घेऊन जायचं. नोंद चुकली तर 2,000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. मिळालेला नोंदीचा कागद जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक खिडकीवर तो मागतात. घर बदललं की नवी नोंद. सुट्टीवरून परत आल्यावर पुन्हा नोंद लागते का, हे शहरागणिक बदलतं. शाळेतल्या परदेशी शिक्षकांचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारा.

मग सिमकार्ड. पासपोर्ट घेऊन चायना मोबाइल, युनिकॉम किंवा टेलिकॉम यांच्या मोठ्या दुकानात जा. फोटो काढून नोंदणी होते. हा नंबर पुढे सगळ्याला जोडायचा आहे, तेव्हा पुन्हा पुन्हा बदलू नका.

तिसरं वैद्यकीय तपासणी, सरकारी प्रवासी आरोग्य केंद्रात. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी. सकाळी उपाशीपोटी जायचं. चहा पिऊन गेलात तर दुसऱ्या दिवशी या म्हणतात.

चौथं, 15 दिवसांच्या आत कामाच्या परवान्याचा अर्ज. तो शाळा करते, पण झाला की नाही हे विचारत राहणं तुमचं काम. पाचवं, बँक खातं. काही बँका निवास परवाना आल्याशिवाय उघडत नाहीत, काही उघडतात. शाळेचा पगार ज्या बँकेत होतो तिथेच आधी विचारा आणि जमत असेल तर पासपोर्ट हातात असतानाच उरकून घ्या. खात्यावरचं नाव आणि सिमकार्डवरचं नाव यात एका मोकळ्या जागेचाही फरक नको. पुढे फोनवरून पैसे भरायची सोय खात्याला जोडताना 'नाव जुळत नाही' असा संदेश येतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच एक जागा असते. खिडकीवरच पडद्यावर नाव दाखवायला सांगा आणि पासपोर्टशी ताडून पाहा.

शेवटी निवास परवाना. प्रवेशापासून 30 दिवसांच्या आत अर्ज करायचा. झेड व्हिसा एकदा आत येण्यापुरताच असतो, खरा मुक्काम या परवान्यावर. पासपोर्ट तिथे ठेवून घेतात आणि पावती देतात. कायद्याने 15 दिवसांपर्यंत लागू शकतात. त्या दिवसांत लांबचा प्रवास ठरवू नका.

प्रश्न : शाळा घर देत नाही, भाडं देते. सुरुवातीला किती पैसे जवळ हवेत? — मुरुड

तिथे 'एक अनामत, तीन आगाऊ' ही पद्धत सर्रास आहे. म्हणजे एका महिन्याचं भाडं अनामत आणि तीन महिन्यांचं एकदम. भाडं 3,000 युआन असेल तर किल्ली हातात पडायच्या आधी 12,000 जातात, वर एजंटची दलाली. पहिला पगार महिना संपल्यावर, तोही खातं उघडलेलं असेल तर. म्हणून शाळेशी बोलताना पहिल्या महिन्याची राहण्याची सोय किंवा उचल लेखी मागून घ्या. घरमालकाला करार करण्यापूर्वीच विचारा की परदेशी माणसाच्या पोलीस नोंदणीला कागद देणार का. नाही म्हणाला तर घर कितीही चांगलं असो, सोडून द्या. घर ताब्यात घेताना भिंती, गीझर, वॉशिंग मशीन आणि मीटरचे आकडे यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, अनामत परत घेताना तोच पुरावा.

प्रश्न : तिथे रोख पैसे चालतात की जीपेसारखं काही आहे? — रत्नागिरी

रोख कायद्याने चालते, पण भाजीवाल्यापासून बसपर्यंत सगळं वीचॅट आणि अलीपे या फोनवरच्या अ‍ॅपवर चालतं. आपलं यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. बँक खातं उघडेपर्यंत या अ‍ॅपना व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. 200 युआनपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, त्याहून मोठ्या खरेदीला 3 टक्के. फक्त रुपे कार्ड असेल तर निघण्याआधी बँकेतून दुसरं मागवा आणि कार्डचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करून ठेवा. तो मुळात बंद असतो. थोडे रोख युआन पाकिटात असावेत, फोनची बॅटरी संपली की तेच कामाला येतात.

प्रश्न : लेक पुढच्या महिन्यात जाते आहे. तिथे व्हॉट्सअ‍ॅप बंद असतं म्हणे. मग आम्ही बोलायचं कसं? — एक आई, गुहागर

काकू, काळजी रास्त आहे आणि सोय तिने निघण्याआधी करायला हवी. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, जीमेल, यूट्यूब, फेसबुक उघडत नाही. त्यांचं निरोपांचं अ‍ॅप वीचॅट, ते आपल्या सरकारने जून 2020 मध्ये बंद केलं. म्हणजे तिचं इथे चालत नाही आणि आपलं तिथे.

पहिला उपाय तिच्या भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग. रोमिंगवर इंटरनेट आपल्या कंपनीमार्फत येतं, त्यामुळे त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं. रोज वापरायला महाग पडतं, पण आठवड्याच्या व्हिडिओ कॉलला परवडतं. हे सिम कायम चालू ठेवणं दुसऱ्याही कारणाने गरजेचं आहे. इथल्या बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात. रिचार्ज संपून नंबर गेला तर इथलं खातं तिथून उघडत नाही. तिच्या नंबरच्या रिचार्जची तारीख तुम्ही घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम चालतं. ईमेलसाठी तिने आउटलुकचं खातं उघडावं आणि शाळेला, बँकेला तोच पत्ता द्यावा. जीमेलवर आलेलं पत्र तिला वेळेत दिसणार नाही. अडीअडचणीला साधा आयएसडी फोन आहेच. व्हीपीएन नावाचा, बंद अ‍ॅप उघडून देणारा आडमार्ग कुणी सुचवेल, पण परवानगी नसलेलं व्हीपीएन तिथल्या कायद्यात बसत नाही. परवान्यावर राहणाऱ्या शिक्षिकेने त्यात पडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिचा फोन अँड्रॉइड असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवायला सांगा. तिथे गूगलचं प्ले स्टोअर उघडत नाही, म्हणून लागणारी चिनी अ‍ॅप त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा फोन कंपनीच्या स्टोअरमधून घ्यावी लागतात. पहिल्या दिवशी शाळेतल्या सहकाऱ्याला शेजारी बसवून हे करावं. वेळेचं म्हणाल तर तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, आणि अख्ख्या देशात एकच वेळ. तिचे रात्रीचे 9 म्हणजे तुमची दिवेलागण. ती बोलायला बरी वेळ.

प्रश्न : माझा भाऊ तिथे शिकवतो. जानेवारीत जेवढा पगार हातात आला तेवढा नोव्हेंबरात येत नाही. शाळा फसवते आहे का? — अलिबाग

बहुधा नाही. तिथला आयकर दर महिन्याला वेगळा न मोजता जानेवारीपासूनची बेरीज धरून कापतात, त्यामुळे वर्ष सरत जातं तसा वरचा दर लागतो. वर्षाला 60,000 युआन, म्हणजे महिन्याला 5,000 करमुक्त. उरलेल्या वार्षिक रकमेवर 36,000 पर्यंत 3 टक्के, तिथून 1,44,000 पर्यंत 10 टक्के, तिथून 3,00,000 पर्यंत 20 टक्के, आणि पुढे आणखी टप्पे आहेत.

उदाहरण घेऊ. पगार 20,000 आणि सामाजिक विम्याची कपात तूर्त बाजूला ठेवू. करपात्र 15,000. जानेवारी, फेब्रुवारीत प्रत्येकी 450 युआन कर. मार्चमध्ये बेरीज 45,000 होऊन 36,000 ची रेघ ओलांडते, कर 1,080. एप्रिल ते सप्टेंबर दरमहा 1,500. ऑक्टोबरमध्ये बेरीज 1,50,000, कर 2,100. नोव्हेंबर, डिसेंबरला 3,000. म्हणजे जानेवारीत हातात 19,550 आणि नोव्हेंबरात 17,000. जानेवारी आला की पुन्हा पहिल्यापासून. भावाचे आकडे असेच चढत असतील तर हिशेब सरळ आहे. सरकारी कर अ‍ॅपवर त्याच्या नावाने शाळेने किती उत्पन्न दाखवलं आणि किती कर भरला हे दिसतं, ते त्याने दर तिमाहीला पगारपत्रकाशी ताडून पाहावं. शाळेने कमी पगार दाखवला असेल तर खरा तोटा पुढे होतो. युआन बदलून घरी पाठवताना बँक पासपोर्ट, करार आणि कर भरल्याचा दाखला मागते आणि दाखल्यावर दिसेल तेवढीच रक्कम सोडते. कागद नसतील तर परदेशी माणसाला दिवसाला 500 डॉलरच्या किमतीइतकेच बदलून मिळतात.

पैसे इकडे एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या खात्यात घ्यावेत. जुनं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या पैशांचं खातं करून घ्यावं लागतं. कायमचं परतताना सामाजिक विम्यातल्या पेन्शनचा त्याच्या स्वतःच्या 8 टक्के हिश्श्याचा भाग अर्ज करून एकरकमी मिळतो. विमान पकडायच्या आधी तो अर्ज करावा, मागाहून इथून करणं कटकटीचं होतं.

प्रश्न : वूहानला नोकरी मिळते आहे. आम्ही समुद्राकाठचे, स्वेटरसुद्धा घरात नाही. थंडी सोसेल का? — गणित शिक्षक, मालवण

सोसेल, पण ती कुठे असते ते समजून जा. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला घरोघरी सरकारी उष्णता-व्यवस्था असते. बीजिंगमध्ये ती साधारण 15 नोव्हेंबर ते 15 मार्च चालते आणि बाहेर शून्याखाली असलं तरी घरात शर्टावर बसता येतं. वूहान, शांघाय, छांग्शा, छंग्तू ही शहरं रेषेच्या दक्षिणेला. तिथे बाहेरची थंडी आकड्यात कमी, पण ती घरात आणि वर्गात तुमच्याबरोबर बसलेली असते. जानेवारीत न तापवलेल्या खोलीत तापमान 10 अंशांच्या खाली जातं आणि हवा ओलसर असते.

इथून जाड कपडे विकत घेऊन जाऊ नका, इथे चांगले मिळत नाहीत. आत घालायचे थर्मलचे दोन जोड आणि लोकरीचे मोजे न्या. पिसांचं जॅकेट तिथे घ्या. विजेची चादर घ्या, ती झोपण्याआधी अर्धा तास चालू करून अंथरुणात शिरताना बंद करायची. घर बघतानाच एसी गरम हवा देतो का आणि खिडक्यांच्या फटी बसतात का हे तपासा. वर्गात हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे शिकवताना अंगावर जॅकेट असणं तिथे कुणालाच वावगं वाटत नाही.

ग्वांगतुंगकडे गेलात तर प्रश्न उलटा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रावरून एकदम दमट उबदार हवा येते, भिंती मात्र थंड असतात, आणि भिंती-लाद्यांवरून अक्षरशः पाणी ओघळतं. आपली कोकणी सवय अशा वेळी खिडक्या उघडण्याची. तिथे नेमक्या बंद ठेवायच्या, विशेषतः सकाळ-संध्याकाळ, कारण पाणी आत येणाऱ्या हवेतूनच येतं. एसीचा कोरडेपणाचा मोड लावायचा आणि कपाटात ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या. पदवीचे कागद आणि चामड्याच्या वस्तू बंद डब्यात. बुरशीशी आपली जुनी ओळख आहे, म्हणून याची भीती नको.

प्रश्न : मासे-भाताशिवाय आमचं होत नाही. तिथे काय मिळेल, इथून काय न्यावं? — वेंगुर्ले

मासे भरपूर, पण निवड शिकावी लागेल. आतल्या शहरांत बाजारात टाकीत पोहणारे गोड्या पाण्यातले मासे असतात. त्यांत बारीक काटे फार. किनाऱ्यावर पापलेट आणि वाकटी सहज मिळतात, आत बर्फातले मिळतात. वाकटीवर चंदेरी वर्ख अखंड आणि चकचकीत असेल ती घ्या. पोट पिवळट झालं असेल तर ती जुनी. मासेवाला खवलं काढून, पोट साफ करून देतो, तुकड्यांची जाडी बोटाने दाखवा. भाव 'जिन'चा असतो आणि 1 जिन म्हणजे 500 ग्रॅम. पाटीवर 30 लिहिलं असेल तर किलोला 60. नवा माणूस पहिल्या दिवशी इथेच गडबडतो.

भातासाठी ईशान्येकडचा आखूड तांदूळ घेतलात तर चिकट होतो आणि त्यावर आमटी बसत नाही. दक्षिणेकडचा लांब 'सिम्याव' तांदूळ किंवा थाई तांदूळ घ्या, एका वाटीला दीड वाटी पाणी. उकडा तांदूळ साध्या बाजारात नसतो. नारळाच्या दुधाबाबत सांभाळा. दुकानात दिसणारा डबा बहुतेक वेळा गोड पेय असतो, त्यात सार केलं तर टाकून द्यावं लागतं. स्वयंपाकाचं दूध वेगळं, त्याला 'येज्यांग' म्हणतात. डब्यामागच्या घटकांत साखर आहे का हे फोनच्या भाषांतराने वाचून घ्या.

इथून दळलेला मालवणी मसाला सीलबंद छापील पाकिटात आणि आमसुलं न्या, आमसुलं तिथल्या साध्या बाजारात मिळत नाहीत. ताजी फळं, भाज्या, मांस, दुधाचे पदार्थ आणि पेरता येईल असं बियाणं न्यायला बंदी आहे, तेव्हा हापूस, पेढे, तूप घरीच ठेवा. सुकटीच्या वाटेलाही जाऊ नका, विमानतळावर बॅग उघडायची वेळ आली तर सगळाच मसाला धोक्यात येतो. मिक्सर तिथल्या 220 व्होल्टवर चालतो, पण आपली गोल पिन बसत नाही, तिथे चपट्या तिरक्या तीन पिनांचा सॉकेट असतो. फोनचा हलका अडॅप्टर मिक्सरला लावू नका, तो तापून वितळतो.

घरातलं कुणी शाकाहारी असेल तर एक सूचना. भाजीतही मांसाचा खिमा, डुकराची चरबी किंवा चिकन पावडर असते. परतलेल्या फरसबीत आणि तिखट टोफूत तर हमखास. 'मांस, मासे, चरबी, चिकन पावडर, ऑयस्टर सॉस काही नको' असं सहकाऱ्याकडून चिनीत लिहून घ्या आणि तो फोटो फोनमध्ये ठेवून वाढप्याला दाखवा. नुसतं 'मांस नको' म्हटलं की खिमा काढून चरबीत परततात.

प्रश्न : आजारी पडलं तर? — उरण

सरकारी रुग्णालयात पासपोर्ट घेऊन जा. आधी नोंदणीच्या खिडकीवर पैसे भरून विभागाचा क्रमांक घ्यायचा, मग डॉक्टर, मग तपासण्यांचे पैसे, मग तपासणी आणि अहवाल घेऊन त्याच डॉक्टरकडे परत. प्रत्येक टप्प्याला पैसे आधी. सकाळी लवकर गेलात तर एका दिवसात होतं. रुग्णवाहिका 120, पोलीस 110, अग्निशमन 119. व्हिसा-परवान्याच्या शंकांसाठी 12367 वर इंग्रजीतून बोलता येतं. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या.

प्रश्न : तिथली मुलं गणितात पुढे असतात म्हणतात. वर्गात आपल्याला काय वेगळं वाटेल? — सावंतवाडी

आकडेमोडीत तयार असतात, अडतात ती इंग्रजी शब्दांशी आणि बोलण्याशी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रकरणाचे दहा-बारा शब्द चिनी अर्थासह फळ्यावर द्या. 'हेन्स', 'अ‍ॅट मोस्ट', 'इन टर्म्स ऑफ' या शब्दांवर त्यांचे गुण जातात, समीकरणावर नाही.

चिन्हांत एक मोठा फरक आहे. 5 मधून 2 निवडायचे तर आपण सी (C) या अक्षराच्या डावीकडे वर 5 आणि उजवीकडे खाली 2 लिहितो. चिनी पुस्तकात दोन्ही आकडे सीच्या उजवीकडे, एकूण 5 खाली आणि निवडायचे 2 वर. नवा शिक्षक ते उलटं समजून चूक देतो आणि मुलं गप्प राहतात. त्यांना परीक्षेची पद्धत शिकवा, पण त्यांचं चूक धरू नका. कारण आणि म्हणून यांची तीन टिंबांची चिन्हं मात्र आपल्यासारखीच वापरतात, मराठी माध्यमात शिकलेल्याला तिथे घरच्यासारखं वाटेल.

मोठ्या संख्यांत घोळ होतो. ते दहा हजारांच्या गठ्ठ्याने मोजतात. आपले 12 लाख त्यांचे '120 दहाहजार'. इंग्रजीत बोलताना शून्य एक कमी-जास्त होतं. म्हणून मोठी संख्या नेहमी दहाच्या घातात लिहून घ्या. आपल्याकडे लाख-कोटी आणि मिलियन यांच्यात मुलं जशी चाचपडतात तसंच ते आहे, आपल्या शिक्षकाला ते चटकन कळतं.

'कुणाला शंका?' असं विचारलं तर वर्ग शांत. चूक बोलून दाखवणं मुलांना जड जातं. आधी दोघांदोघांत दोन मिनिटं बोलू द्या, मग नाव घेऊन विचारा. शिस्तीच्या बाबतीत परस्पर पालकांकडे जाऊ नका. प्रत्येक वर्गाचे एक वर्गप्रमुख शिक्षक असतात, 'बान्जूरेन', आणि मुलांची झोप, जेवण, घर सगळं त्यांच्या नजरेखाली असतं. पहिल्याच दिवशी त्यांची ओळख करून घ्या. दुपारच्या जेवणानंतर शाळा झोपते, मुलं बाकावर डोकं ठेवून आणि शिक्षक खुर्चीत. त्या वेळात फोन, बैठक, जादा तास काही ठरवू नका.

प्रश्न : गणपतीला घरी यायला मिळेल ना? तेवढं असेल तरच मुलाला पाठवतो. — लांजा

काका, खरं सांगायचं तर अवघड आहे. तिथलं शैक्षणिक वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं आणि गणपती नेमके तेव्हाच. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला, 2027 मध्ये 4 सप्टेंबरला. वर्ष सुरू झाल्या झाल्या नव्या शिक्षकाला रजा मिळत नाही. 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी असते, पण तिच्या बदल्यात आधी-नंतरच्या शनिवार-रविवारी शाळा भरते.

मोठ्या सुट्ट्या दोनच. जुलै-ऑगस्ट, आणि वसंतोत्सवाची जानेवारी-फेब्रुवारीची. 2027 मध्ये त्यांचं नववर्ष 6 फेब्रुवारीला आहे. त्या सुट्टीत त्याला जत्रांचा हंगाम सापडेल. तिकीट मात्र आधी काढा, कारण त्या आठवड्यात सगळा चीन आपापल्या गावी निघालेला असतो. विमानतळाच्या शहरापर्यंतच्या रेल्वेचं आरक्षण 15 दिवस आधी उघडतं आणि लगेच भरतं. पासपोर्ट क्रमांकावर ई-तिकीट मिळतं, स्वयंचलित फाटकातून पासपोर्ट जात नसेल तर बाजूच्या माणसाच्या खिडकीतून जायचं.

गणपतीचंच असेल तर करारावर सही करण्याआधी बोला. वर्षातून चार-पाच दिवस बिनपगारी रजा, तासांची भरपाई करून, असं एक वाक्य करारात घालून मागा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका, आणि कराराची चिनी प्रतच तिथे ग्राह्य धरतात, म्हणून ते वाक्य चिनी प्रतीत आहे ना हे तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. पहिल्या वर्षी नाही म्हणतील, दुसऱ्या कराराच्या वेळी पुन्हा मागावं. निवास परवान्याची मुदत असेपर्यंत त्यावर कितीही वेळा ये-जा करता येते, नवा व्हिसा लागत नाही. फक्त निघताना परवान्याची शेवटची तारीख बघा. ती परतीच्या तारखेच्या आधीची असेल तर नूतनीकरण करूनच निघायला सांगा.